दोन डोक्यांचा कोट

दोन्ही बाह्या डाव्या! एक चुकली असती तर समजू शकले असते, पण दोन्ही? उभा जन्म कात्री चालवण्यात गेला, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या जाकिटाला मी दोन डाव्या बाह्या कापून ठेवल्या. वर शहाणपणा असा, की त्या टेबलावर मांडून मीच वन्संवर ओरडले, "उजवी बाही कुठे टाकलीत तुम्ही?"

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. शिवणाचं दुकान आमचं दोघींचं. मापं घेणं, कापड बेतणं आणि कापणं माझ्याकडे, मशीन त्यांच्याकडे. बोलणं माझ्याकडे आणि ऐकणं त्यांच्याकडे, हेही आपसूक ठरून गेलेलं. त्यांनी मशीन थांबवली, चष्मा नाकावर चढवला, एका बाहीवर दुसरी ठेवून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "उजवी अजून जन्मलीच नाही."

कापड एकेरी अंथरलं असेल तर एक बाही कापून झाली की कागदाचा नमुना पालथा करायचा असतो. शिकाऊ पोरीलासुद्धा हे पहिल्या दिवशी सांगतात. मी तो पालथा केला नव्हता. मला मात्र पक्कं आठवत होतं की केला. आठवतं कसलं, मी शपथेवर सांगितलं असतं.

त्याच्या काही महिने आधी माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि नंतर केमो सुरू झाली. केस गेले. गेले तर गेले, मी स्वतःसाठी अशा काही झकास टोप्या शिवल्या की गिऱ्हाइकं मागायला लागली. ओकाऱ्या झाल्या, त्याही सोसल्या. बोटांची टोकं बधिर झाली, तिथे मुंग्या यायच्या. तेही चालवून घेतलं. पण डोकं? डोक्यानं असा दगा द्यावा? एकदा कात्री हवी होती आणि शब्दच सापडेना. वन्संना म्हटलं, "अहो ते द्या, ते... दोन पायांचं, कचकच करतं ते." त्यांनी कात्री दिली, पण मान खाली घालून हसल्या. मला दिसलं ते.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "औषधांमुळे होतं असं पुष्कळांना. डोक्यात धुकं उतरल्यासारखं वाटतं. उपचार संपले की बहुतेकांचं हळूहळू निवळतं."

बहुतेकांचं! झालं, मी त्या एका शब्दाला धरून बसले. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की उरलेल्यांमध्ये मीच असणार. धुकं एक वेळ परवडलं, पण त्याच्या पाठोपाठ येणारी धास्ती नको. काही विसरलं की छातीत धडधड सुरू, आणि धडधड सुरू झाली की पुढचंही विसरायला होई. मरणाची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण ती अधूनमधून यायची. रोजची भीती निराळीच होती. कात्री हातातून गेली तर मी कोण? नुसती एक आजारी बाई, जिला सगळे विचारतात, "पाणी प्यायलीस का?"

हे विचारण्याचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. कामावरून फोन करून विचारायचे. पाणी प्यायलीस का, झोपलीस का, दमली नाहीस ना. त्या दिवशी बाह्यांची गोष्ट कळल्यावर म्हणाले, "अगं, तू आपला आराम कर." आराम कर म्हटलं की माझा तिळपापड होतो. मी त्यांना इतकं काही सुनावलं, की बिचारे स्वतःच पाणी प्यायला उठले.

मुख्याध्यापिकाबाईंचं जाकीट वन्संनी निभावून नेलं. कापड उरलं नव्हतं, म्हणून बाह्याच लावल्या नाहीत. बाईंनी आरशात पाहिलं, हात वरखाली केले आणि म्हणाल्या, "किती सुटसुटीत हो! ही फॅशन मला सुचलीच नसती." आम्हालाही सुचली नव्हती. पण बाई गेल्यावर मी कात्री पुसली, खणात ठेवली आणि वन्संना सांगितलं, "आजपासून मी बटणं लावीन. कापायचं तुम्ही बघा."

वन्संचं धाबं दणाणलं. शिवण त्यांची देखणी, पण कापायला उभ्या राहिल्या की त्यांचे हातपाय गळतात.

पुढच्या खेपेला केमोच्या खुर्चीत बसले ती फुरंगटूनच. सुईची मला भीती, आणि त्यावर माझा एक उपाय होता. सुई टोचायची वेळ आली की मी समोरच्यांचे कपडे मनातल्या मनात उसवायचे. पलीकडच्या काकांच्या शर्टाची कॉलर डावीकडे ओढलेली. उसवली. त्यांच्या सुनेचा खांदा बोटभर उतरलेला. उसवला, वर घेतला, पुन्हा शिवला. तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. त्या हॉलमधल्या सगळ्यांना मी असं कितीदा तरी नीट करून सोडलंय, कुणालाही न कळता.

औषधाची पिशवी लावायच्या आधी दोन सिस्टर यायच्या. एक ठेंगणी, एक चष्मेवाली. ठेंगणी पिशवीवरचं मोठ्यानं वाचणार, चष्मेवाली माझ्या मनगटावरच्या पट्टीवरचं मोठ्यानं वाचणार. मग मला विचारणार, "नाव सांगा. जन्मतारीख सांगा." दर खेपेला! मला वाटायचं, ही बाई गोंधळते हे यांना कळलंय, म्हणून माझी परीक्षा घेतात. त्या दिवशी मात्र माझा ताबा सुटला. म्हटलं, "मागच्या खेपेला जी जन्मतारीख होती तीच आहे. बदलून मिळाली नाही. की तुमच्याही डोक्यात धुकं आहे?"

ठेंगणी सिस्टर मनापासून हसली. "नाही हो मावशी. माझं डोकं छान चालतं. हिचंही चालतं. पण इथे कुठल्याच एका डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, असा नियम आहे. मी बोलणार, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून बोलणार. नुसतं हो म्हटलेलं चालत नाही."

"का? हो म्हटलं तर काय झालं?"

"हो काय, झोपेतही म्हणता येतं."

औषध थेंब थेंब उतरत होतं आणि मी विचार करत बसले. म्हणजे या पोरींची डोकी लख्ख, कामात दोघी मुरलेल्या, तरी एकटीवर सोडत नाहीत. आणि मी? माझं डोकं ठिकाणावर नसताना सगळं एकटीनं करायला निघालेय. वर चुकले की रुसून कात्री खणात! मला स्वतःचाच राग आला. तसा राग मला चढला की हुशारी येते.

दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नव्हतं, पण दोन दिवसांत उठून बसले आणि वन्संना नियम सांगितला. मी बोलणार, तुम्ही कापडाजवळ येऊन बघणार आणि पुन्हा बोलणार. हो म्हणायचं नाही. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चौकात उभं राहून गायला सांगितलंय. उशांच्या अभ्र्यांपासून सुरुवात केली.

"अभ्रा. सुलट बाजू वर," मी म्हणाले.

"हं," वन्सं म्हणाल्या.

"हं नाही! पूर्ण बोला."

"अभ्रा. सुलट बाजू वर." आवाज इतका बारीक की बाजूच्या मशीनलाही ऐकू गेला नसता.

पण सरावानं जमलं. अभ्र्यांनंतर पडदे, पडद्यांनंतर शाळेचे गणवेश. "उजवी बाही, नमुना पालथा केलाय." "उजवी बाही, नमुना पालथा केलाय, पाहिला." दाराशी आलेली गिऱ्हाइकं थबकायची. मधेच मी अडखळले, तर कुठे होतो ते वन्सं सांगायच्या. गंमत म्हणजे बोलून काम करायला लागल्यावर माझी धडधड कमी झाली. तोंड कामात गुंतलं की धास्तीला बोलायला जागा उरत नसावी. धुकं होतंच. मी रोज काहीतरी विसरत होते, एकदा तर टाचण्यांची पेटी घेऊन आंघोळीला गेले. पण एकही गणवेश बिघडला नाही.

आणि मग वन्संनी ते कापड आणलं.

त्यांना एकुलती एक मुलगी, आमची भिंगरी. एका जागी कधी ठरली नाही म्हणून हे नाव. तिला लांबच्या थंड देशात एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची नोकरी लागली होती. जायचं नक्की झालं, तिकीट आलं. थंडीसाठी कोट हवा. तिथे तयार कोट मिळतात म्हणे. मिळत असतील. आमच्या घरात तयार कपडा म्हणजे शिवी आहे.

वन्संनी कापड टेबलावर ठेवलं. गडद निळी लोकर, हातात घेतली की सोडवत नव्हती. ताग्यातला शेवटचा तुकडा, मोजून एका कोटापुरता. दुकानदारानं सांगितलं होतं, हे पुन्हा येणार नाही.

"तू काप," वन्सं म्हणाल्या.

"मी? उशांचे अभ्रे वेगळे, वन्सं. यात एक तुकडा चुकला तर संपलं."

"तूच काप."

मला भरून आलं. खरंच सांगते, ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हाही इतकं भरून आलं नव्हतं. या बाईनं आपल्या एकुलत्या एका लेकीचा कोट, शेवटचं कापड, माझ्यासारख्या विसरभोळीच्या हातात द्यावं! घरी जाऊन ह्यांना सांगितलं, "बघा, विश्वास असावा तर असा." हे म्हणाले, "छान. पाणी पी."

रविवारी दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून आम्ही कापड अंथरलं. असल्या लोकरीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, खालून वर फिरवला तर हाताला अडते. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, नाहीतर उजेडात कोट दोन रंगांचा दिसतो. पाठीचं कापड आम्ही आधी वेगळं केलं होतं. ते फिरवून लव खाली घ्यायची, एवढं काम वन्संचं होतं.

"पाठ. लव खाली," मी म्हणाले.

"पाठ. लव खाली," वन्सं म्हणाल्या.

"डावा पुढा. लव खाली."

"डावा पुढा. लव खाली."

बाह्या झाल्या, कॉलर झाली, खडूच्या रेघा झाल्या. मी कात्री उचलली आणि पाठीच्या रेघेवर टेकवली.

आणि गेलं! सगळं डोक्यातून पुसलं गेलं. काय कापतेय, काय तपासलंय, काय राहिलंय, काही म्हणता काही आठवेना. छाती धडधडायला लागली. वाटलं, कात्री टाकावी आणि पळून जावं. पळून जाणार कुठे, तर मागच्या मोरीपर्यंत.

"वन्सं," मी म्हणाले, "माझं गेलं सगळं. पहिल्यापासून करू."

"झालंय की सगळं," वन्सं घाईनं म्हणाल्या. "बोललो आपण. काप आता."

वन्सं आणि घाई? पण मला तो विचार करायचंही सुचलं नाही. मला काहीच आठवत नव्हतं, त्यामुळे पहिल्यापासून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बोटांना लव कळत नव्हती, बधिर ना ती. मग मी टेबलावर वाकले आणि कापडावर गाल घासला. डाव्या पुढ्यावर गुळगुळीत. उजव्यावर गुळगुळीत. पाठीवर गाल अडला.

पुन्हा घासला. पुन्हा अडला. लव वर होती.

"वन्सं, पाठ उलटी आहे! तुम्ही फिरवलंच नाही! आणि मघाशी तर म्हणालात..."

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. "मला माहीत होतं," म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"उलटी आहे ते."

मी कात्री खाली ठेवली. हातात ठेवणं बरं नव्हतं. "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खिडकीची कडी काढली, पुन्हा लावली. मग एकदम सुटल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "म्हटलं, कोट बिघडला तर नवं कापड शोधावं लागेल. त्यात दिवस जातील. तोवर तिचं जायचं पुढे जाईल. कदाचित जाणारही नाही. कोटाशिवाय कशी जाईल थंडीत? मी काही करणार नव्हते गं. मी नुसतं फिरवलं नाही. म्हटलं, होईल ते होईल."

"आणि म्हणून मला कापायला दिलंत?" माझा आवाज चिरकला. "मी घरभर सांगत सुटले, वन्संचा माझ्यावर केवढा विश्वास!"

"होता ना विश्वास," त्या म्हणाल्या. "तू चुकशील असा. पक्का होता."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला इतका राग आला होता की तोंडातून शब्द फुटेना, आणि फुटलं ते हसू. थांबेचना. वन्संनाही आवरेना, त्या टेबल धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते हसण्याचं राहिलं नाही.

"अहो, कापडावर नको!" मी ओरडले. "लोकरीवर डाग पडतात!" आणि त्यांना ओढून जवळ घेतलं.

"तू चुकली नाहीस," माझ्या खांद्यात तोंड खुपसून त्या म्हणाल्या. त्यात थोडी तक्रारही होती.

"नाही चुकले!" मी म्हणाले. डोक्यात एवढं धुकं असताना, बोटं बधिर असताना, आणि खुद्द जोडीदारीणच उलटलेली असताना मी चुकले नव्हते. मला दार उघडून रस्त्यात ओरडावंसं वाटलं. पण त्यांना तसंच धरून उभी राहिले, आणि तोंडातून भलतंच निघालं. "मलाही ती जायला नकोय, वन्सं. दोन वर्षांनी परत यायची ती. तेव्हा मी असेन का?"

हे मी कुणालाच बोलले नव्हते. ह्यांना नाही, डॉक्टरीणबाईंना नाही.

वन्संनी पदराच्या टोकानं डोळे पुसले. असशील, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ते डॉक्टरीणबाईंना विचार. मला फक्त कापडातलं कळतं." मग पाठीचं कापड उचललं, फिरवून अंथरलं, वरून खाली हात फिरवला. "पाठ. लव खाली. पाहिली. आणि शिवणीत कापड जास्त सोड. पोरगी थंडीत खाऊन खाऊन भरेल अंगानं. येईल तेव्हा सैल करायला तूच लागशील. मला नाही जमत ते."

मी कात्री उचलली. शिवणीत कापड जास्त सोडलं, जितकं सोडता येईल तितकं. आणि कापलं. सगळे तुकडे, एका दमात, मोठमोठ्यानं बोलत. वन्संचा आवाज आता माझ्याहून वर चढत होता.

कच्च्या टाक्यांवर कोट उभा राहिला तेव्हा भिंगरीला बोलावलं. आरशासमोर ती नेहमीसारखी गिरक्या घेत होती आणि मी तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होते. रंग सगळीकडून एकच. बाह्या एक डावी, एक उजवी. तिनं कडेची शिवण उलटून पाहिली. शिवणकामाच्या घरातली मुलगी, हात जाणारच तिकडे.

"मामी, आत एवढं कापड कशाला ठेवलंयस?"

"परत येशील तेव्हा जाडी झालेली असशील म्हणून," टाचण्या न काढताच मी म्हणाले.

"आणि तेव्हा सैल कोण करणार?"

मी टाचण्या तोंडातून काढल्या.

"मी," म्हटलं.

वन्संनी मशीन थांबवली, मान वर केली आणि लेकीला दटावलं, "वळवळ करू नकोस. सरळ उभी राहा, मामीला खुणा करू दे."